घरी परदेशी पाहुणा उतरणार आहे? सातारा जिल्ह्यात ‘फॉर्म सी’ भरायची पद्धत

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मुलगी दिवाळीला येते, जर्मन सून पहिल्यांदा सासरचं गाव बघायला येते, कास बघायला आलेलं फ्रेंच जोडपं तुमच्या होमस्टेत दोन रात्री राहतं. या तिन्ही वेळी एक काम तुमच्याच अंगावर पडतं. परदेशी नागरिक आपल्या छपराखाली मुक्कामाला आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे एफआरओकडे, ऑनलाइन पाठवायची असते. या माहितीपत्रकाला सगळे ‘फॉर्म सी’ म्हणतात.

1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, 2025’ आला. नियम नवे झाले, कागदांची नावं बदलली, पण पोलीस ठाण्यात, हॉटेलच्या काउंटरवर आणि सायबर कॅफेत शब्द अजून ‘सी फॉर्म’ हाच चालतो. इथेही तोच वापरला आहे. 24 तासांची अट जुन्या नियमांतही होती, आजही आहे.

फॉर्म स्वतः पंधरा-वीस मिनिटांचा आहे. लोक अडकतात ते त्याच्या आधी, सरकारी पोर्टलवर खातं उघडण्यात. खातं उघडून ते मंजूर व्हावं लागतं आणि मंजुरी त्याच दिवशी मिळेल असं नसतं. म्हणून पाहुण्याचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात पहिल्या तीन पायऱ्या उरकून घ्या.

1. फॉर्म कुणाचा भरायचा, ते आधी ठरवा

निकष एकच: हातात पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे. माणूस मूळचा कोरेगावचा असो की वडूजचा, पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर तो परदेशी नागरिक. उलट, वीस वर्षं न्यू जर्सीत राहून ग्रीन कार्ड मिळालेला पण भारतीय पासपोर्टवरच असलेला भाऊ भारतीयच. त्याचा फॉर्म भरायचा नाही. एनआरआय या शब्दात आपण दोघांनाही एकत्र धरतो आणि तिथेच घोळ होतो. पासपोर्टचं पहिलं पान मागा, त्यावर राष्ट्रीयत्व लिहिलेलं असतं.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया), म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. व्हिसा लागत नाही, लांबच्या मुक्कामासाठी स्वतः नोंदणी करावी लागत नाही, पण पासपोर्ट परदेशीच राहतो. ‘ओसीआय आहे, काही लागत नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्यावर विसंबून राहण्यापेक्षा फॉर्म भरून मोकळं झालेलं बरं. पैसे लागत नाहीत, आणि पुढे कुणी विचारलं तर दाखवायला कागद असतो.

मुलांचं विसरू नका. परदेशात जन्मलेल्या सहा महिन्यांच्या नातवाचाही पासपोर्ट वेगळा, म्हणून त्याचा फॉर्मही वेगळा. नवरा-बायको आणि दोन मुलं, चौघंही परदेशी पासपोर्टवर, म्हणजे चार फॉर्म.

आणि कुणी भरायचा? ज्याच्या जागेत पाहुणा झोपतो त्याने. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, होमस्टे, कृषी पर्यटन केंद्र, वसतिगृह, हॉस्पिटल यांच्याबरोबर खासगी घरही पोर्टलच्या यादीत आहे. पाहुणा पैसे देत नाही, तो आपला जावई आहे, तो चारच दिवस आहे, यातलं काहीही सूट मिळवून देत नाही. बुकिंग अ‍ॅपवरून आलेल्या पाहुण्याचा फॉर्मही ते अ‍ॅप भरत नाही. तिथे पासपोर्ट अपलोड झालेला असला तरी एफआरओकडे काहीच गेलेलं नसतं.

2. कागद जमवा

तुमच्या बाजूचे:

– आधार किंवा दुसरं ओळखपत्र
– जागेचा पुरावा: चालू वीजबिल, घरपट्टीची पावती, सातबारा नाहीतर मिळकत पत्रिका; भाड्याचं घर असेल तर नोंदवलेला भाडेकरार
– चालू मोबाइल क्रमांक आणि रोज उघडून बघता असा ईमेल
– होमस्टे किंवा लॉज असेल तर त्याची नोंदणी किंवा परवाना

वीजबिलापाशी आपल्याकडे हमखास अडतं. बिल अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या नावावर, खातं उघडणार नातू. यात बेकायदेशीर काही नाही, पण अर्जातला मालक आणि कागदावरचा मालक वेगळा दिसला की प्रश्न येतो. मालकाच्या रकान्यात कागदावर ज्यांचं नाव आहे आणि जे हयात आहेत त्यांचं नाव टाका, वापरकर्ता म्हणून स्वतःचं. कागदावरची व्यक्ती हयात नसेल तर वारसनोंद झालेला उतारा किंवा ताजी घरपट्टी पावती जोडीला ठेवा.

पाहुण्याच्या बाजूचे, तो निघायच्या आधीच मागवून घ्यायचे:

– पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाचा स्पष्ट स्कॅन
– व्हिसाचं पान, ई-व्हिसा असेल तर ईटीएचं, म्हणजे प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीचं, पत्र, ओसीआय असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजू
– पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो
– तिकडचा पूर्ण पत्ता आणि फोन क्रमांक

पाहुणा उतरल्यावर यात एकाच गोष्टीची भर पडते: विमानतळावर पासपोर्टवर उमटलेला आगमनाचा शिक्का. त्याचा फोटो दिवसाउजेडी काढा. शिक्क्याची शाई अनेकदा पुसट असते, आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत 3 चा 8 होतो.

3. पोर्टलवर खातं उघडा: हे काम आधीच

संकेतस्थळ ‘इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन’. त्यातल्या ‘फॉर्म सी’ विभागात जायचं. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच आहे ना, हे डोळ्यांनी वाचून बघा. शोधयंत्रात वरच्या ओळींना पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात आणि त्यांची पानं सरकारी पानासारखीच मांडलेली असतात. या कामाला सरकारी फी नाही. कार्डाचा तपशील मागितला की चुकीच्या दारात आलात असं समजा.

नोंदणीत दोन भाग असतात. पहिल्यात वापरकर्ता म्हणून तुमची माहिती, दुसऱ्यात जागेची: नाव, पत्ता, प्रकार, किती माणसांची सोय, मालकाचा तपशील.

जागेच्या नावाच्या रकान्यात घर असेल तर घराचं नाव किंवा मालकाचं आडनाव पुरतं. खोटं भारदस्त नाव देऊ नका. ‘कदम व्हिला’ लिहिलंत आणि दारावर पाटी ‘आईची कृपा’ असली तर चौकशीला आलेला हवालदार गल्ली हिंडत बसतो. प्रकारात खासगी घर, होमस्टे, हॉटेल असे वेगवेगळे पर्याय आहेत. नातेवाइकांना उतरवणाऱ्याने हॉटेल निवडू नये. मग परवाना कुठे आहे, अशी विचारणा सुरू होते.

जिल्हा आणि नोंदणी कार्यालय निवडताना थांबून बघा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सातारा, आणि कार्यालयही साताऱ्याचंच. आपल्या जिल्ह्याचे एफआरओ म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक, आणि प्रत्यक्ष काम अधीक्षक कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेत चालतं. या रकान्यात तीन चुका वारंवार होतात:

पहिली पिनकोडची. वाई 412803, पाचगणी 412805, महाबळेश्वर 412806. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले पिनही 412 ने सुरू होतात, म्हणून भरणारा पुणे निवडून मोकळा होतो. अर्ज पुण्याच्या यादीत जाऊन बसतो आणि साताऱ्यात विचारलं तर ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’.

दुसरी खंडाळ्याची. शिरवळजवळचा आपला खंडाळा तालुका आणि लोणावळ्याशेजारचा घाटातला खंडाळा यांत गोंधळ होतो. पत्त्यात ‘ता. खंडाळा, जि. सातारा, 412802’ असं सगळं लिहा.

तिसरी पाटणची. नावापुढे जिल्हा लिहिला नाही तर परगावच्या माणसाला गुजरातचं पाटण आठवतं.

खातं सादर केलं की ते एफआरओच्या मंजुरीला जातं. फोन येऊ शकतो, कागद मागितले जाऊ शकतात, ठाण्यातून कुणी जागा बघून जाऊ शकतं. दारात पोलीस बघून शेजारी चार दिवस चर्चा करतील; ती तेवढी सोसावी लागते. आठवडाभर काहीच हालचाल दिसली नाही तर अर्ज क्रमांक घेऊन जिल्हा विशेष शाखेत जाऊन विचारा. फोनवर ‘बघतो’ मिळतं. समोर उभं राहिलं की यादी उघडून बघितली जाते. सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या जाणं चांगलं. व्हीआयपी दौरा, यात्रा किंवा निवडणूक असेल त्या आठवड्यात याच शाखेवर बंदोबस्ताच्या माहितीचं काम असतं, तेव्हा कुणी जागेवर सापडायचं नाही.

पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वर्षातून एकदा लागणारा पासवर्ड कुणाच्याही लक्षात राहत नाही, आणि तो नेमका पाहुणा हॉलमध्ये चहा पीत बसलेला असताना आठवेनासा होतो.

4. पाहुणा निघण्यापूर्वी त्याला दोन गोष्टी सांगा

1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड सुरू झालं आहे. भारतात पोहोचण्याआधीच्या 72 तासांत ते ऑनलाइन भरता येतं आणि तेही फुकट आहे. त्यात भारतातला पत्ता विचारतात. तुमचा पत्ता तुम्ही खात्यात लिहिलात तसाच, इंग्रजी स्पेलिंगसह, पाहुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्याने तिकडे ‘सातारा, पुणेजवळ’ एवढंच लिहिलं आणि तुम्ही इकडे पूर्ण पत्ता दिला, असं होऊ नये.

दुसरं, ई-व्हिसाची तारीख. 30 दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसात पत्रावरची मुदत ही कोणत्या तारखेपर्यंत भारतात पाऊल ठेवायचं ती असते. राहण्याचे 30 दिवस आगमनापासून मोजतात. पाहुणे दोन्हीकडून फसतात. काहींना वाटतं मुदत संपत आली, काहींना वाटतं अजून बरेच दिवस आहेत. विमानतळावरचा शिक्का काय सांगतो ते बघून परतीचं तिकीट ताडून घ्या.

5. पाहुणा आला: घड्याळ कधी सुरू होतं

24 तास मोजायचे ते पाहुणा तुमच्या जागेत आल्यापासून. भारतात उतरल्यापासून नाही. मुंबईत रात्री दीडला विमान उतरलं, पहाटे गाडीने निघून सकाळी आठला साताऱ्यात पोहोचले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत वेळ आहे. वाटेत मुंबईच्या हॉटेलात एक रात्र थांबले असतील तर त्या रात्रीचा फॉर्म ते हॉटेल भरेल, तुमच्याकडची नोंद तरीही नवीन होईल.

शनिवार-रविवार, दिवाळी, गणपती यांमुळे घड्याळ थांबत नाही. पोर्टल चालू असतं, त्यामुळे सुट्टीची सबब टिकत नाही.

कास, बामणोली, तापोळ्याकडे होमस्टे चालवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात वीज गेली की टॉवर जातो. पाहुण्याचे स्कॅन आधी घेतलेले असतील तर साताऱ्यात, मेढ्यात किंवा महाबळेश्वरात असलेल्या घरच्या माणसाला फोन करून फक्त शिक्क्यावरची तारीख सांगायची, तो तिथून भरतो. म्हणून स्कॅन आधी मागवायचे.

6. फॉर्म भरा, रकाना रकाना बघून

लॉगिन करून नवीन फॉर्म उघडा. पासपोर्ट हातात घेऊनच बसा, आठवणीवर काही भरू नका.

नाव. आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे आहेत. पासपोर्टच्या फोटोपानाच्या तळाशी बाणांच्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव येतं, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. शंका असेल तर या ओळीवर भरवसा ठेवा. लग्नानंतर आपण सुनेला कोणत्याही नावाने हाक मारत असू, पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तेच. मधलं नाव गाळायचं नाही.

जन्मतारीख. आपली पद्धत दिवस, महिना, वर्ष. अमेरिकन माणूस तोंडी सांगताना महिना आधी सांगतो. ‘झिरो फोर, झिरो सेव्हन’ म्हणजे 4 जुलै की 7 एप्रिल? पासपोर्टवर महिना बहुधा अक्षरांत असतो, तिथून घ्या.

पासपोर्ट क्रमांक. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस. मोबाइलवर फोटो मोठा करून एकेक अक्षर मोठ्याने वाचा, दुसऱ्याने टाइप करावं. या एका रकान्यातली चूक सगळ्यात महागात पडते, कारण नोंद भलत्याच माणसाची होते आणि तुमचा पाहुणा यंत्रणेत दिसतच नाही.

व्हिसा क्रमांक. ई-व्हिसाच्या पत्रावर अर्जाचा क्रमांक आणि ईटीएचा क्रमांक असे दोन असतात. घाईत अर्जाचा क्रमांक टाकला जातो. हवा असतो तो दुसरा. ओसीआय असेल तर इथे कार्डाचा क्रमांक येतो, पासपोर्टचा नाही.

कुठून आले. यात आधीचा मुक्काम लिहायचा. पाहुणा लंडनहून आला पण मध्ये पुण्यात मावशीकडे तीन दिवस राहिला असेल तर उत्तर पुणे.

भारतात आगमन आणि तुमच्याकडे आगमन. दोन वेगळ्या तारखा, दोन वेगळे रकाने. पहिली शिक्क्यावरून, दुसरी तुमच्या दारातली. दोन्हीकडे एकच तारीख टाकायची सवय हॉटेलांच्या काउंटरवरही आहे. मग पुण्यातल्या मावशीच्या तीन दिवसांचं काय झालं, हे कागदावर कुणालाच कळत नाही.

किती दिवस राहणार. अंदाज खरा द्या. चाळीस दिवस राहणार असतील तर चाळीस लिहा, कमी दाखवून काही वाचत नाही.

येण्याचा उद्देश. व्हिसाच्या प्रकाराशी जुळला पाहिजे. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस नातेवाइकांना भेटायला आला असं लिहिणं ठीक. ‘शाळेत शिकवतो’ किंवा ‘कारखान्याचं मशिन बसवायला आलाय’ असं लिहिलं तर ते व्हिसाशी विसंगत होतं. आणि ते खरं असेल तर अडचण मोठी आहे, ती रकान्यात शब्द बदलून सुटत नाही.

फोटो. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, पोर्टल तो नाकारतं. दिलेल्या मर्यादेत बसेल इतका लहान करून जेपीजी स्वरूपात ठेवा. हे फॉर्म उघडायच्या आधी करा, कारण फोटो आटोपशीर करण्यात दहा मिनिटं गेली की पोर्टल लॉगआउट करून टाकतं आणि भरलेलं सगळं जातं.

मध्येच थांबावं लागलं तर तात्पुरतं जतन करता येतं, पण जतन म्हणजे सादर नव्हे. रात्री अर्धवट जतन केलेला फॉर्म ‘भरून झाला’ असं समजून झोपणारे कमी नाहीत. शेवटचं बटण दाबून नोंदणीचा क्रमांक दिसला आणि प्रिंट निघाली, की झालं.

सादर केल्यावर चूक दिसली तर दुसरा फॉर्म ठोकू नका. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. नोंदणी क्रमांक, चुकीचा मजकूर आणि बरोबर मजकूर लिहून जिल्हा विशेष शाखेला कळवा.

7. खातं मंजूर नाही आणि पाहुणा दारात आहे

असं होऊ द्यायचं नव्हतं, पण होतं. तेव्हा वाट बघत बसू नका. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात 24 तासांच्या आत लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. पोर्टलवरच्या नोंदीला हा पर्याय नाही, पण तुम्ही लपवाछपवी केली नाही याचा हा पुरावा राहतो. मजकूर साधा ठेवा:

‘प्रति, पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे. विषय: परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती. महोदय, माझ्या राहत्या घरी (पूर्ण पत्ता) दिनांक … रोजी … वाजता खालील परदेशी नागरिक मुक्कामास आले आहेत. नाव …, राष्ट्रीयत्व …, पासपोर्ट क्रमांक …, व्हिसा क्रमांक व मुदत …, माझ्याशी नाते …, अपेक्षित मुक्काम … पर्यंत. फॉर्म सी पोर्टलवरील खात्यासाठी दिनांक … रोजी अर्ज केला असून अर्ज क्रमांक … आहे. खाते मंजूर होताच नोंद करीत आहे. सोबत पासपोर्ट व व्हिसाच्या झेरॉक्स प्रती.’

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही मागा. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ यावर निघून येऊ नका.

हद्द आधी माहीत करून घ्या. सातारा शहरातच सातारा शहर, शाहूपुरी आणि सातारा तालुका अशी तीन ठाणी आहेत. कास रस्त्याला तर सातारा तालुका कुठे संपतो आणि जावळी कुठे लागते हे गावकऱ्यालाच ठाऊक. खेड्यात असाल तर पोलीस पाटलांना एक शब्द घाला. त्यांची हद्दीची माहिती पक्की असते, आणि गावात गोरा माणूस फिरतोय ही बातमी ठाण्यात त्यांच्याकडूनच जाणार असते. ती तुमच्याकडून आधी गेलेली बरी.

8. 180 दिवसांहून लांबचा व्हिसा असेल तर आणखी एक नोंदणी

वरचं सगळं घरमालकाचं काम. त्याखेरीज विद्यार्थी, नोकरी, संशोधन अशा कारणांसाठी 180 दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा घेऊन आलेल्या परदेशी नागरिकाला पोहोचल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. व्हिसावर तसा शेरा छापलेला असतो, तो वाचा. पाचगणीच्या निवासी शाळांमध्ये परदेशी मुलांना घालणाऱ्या पालकांना आणि कराडकडे शिकायला येणाऱ्यांना हे लागू पडतं. अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर, होतो. पासपोर्ट, व्हिसा, आगमनाचा शिक्का, फोटो, संस्थेचं बोनाफाइड प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून फॉर्म सीची प्रिंट चालते. म्हणजे वसतिगृहाने किंवा खोलीमालकाने फॉर्म सी भरलाच नसेल तर विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच खोळंबतो आणि विलंबाचा दंड त्याच्या खिशातून जातो.

शाळा, महाविद्यालयं आणि हॉस्पिटलांवर परदेशी विद्यार्थी व रुग्णांची माहिती कळवण्याची स्वतंत्र जबाबदारी आहे. ती संस्थेची.

परदेशी माणसाला खोली भाड्याने दिली असेल तर भाडेकरूची पोलिसांकडची नोंद आणि फॉर्म सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक केली म्हणून दुसरी होत नाही.

9. जपून

पासपोर्ट ताब्यात ठेवू नका. झेरॉक्स किंवा स्कॅन घ्या, मूळ लगेच परत द्या. होमस्टेवाल्यांना ‘पैसे देईपर्यंत पासपोर्ट काउंटरवर’ ही पद्धत सोयीची वाटते, पण तो पासपोर्ट तुमच्या मालकीचा नाही आणि पाहुणा पोलिसांत गेला तर उत्तर देता येत नाही.

सायबर कॅफेतून भरत असाल तर काम झाल्यावर डाउनलोडचं फोल्डर आणि रिसायकल बिन स्वतः रिकामं करा, ईमेलमधून लॉगआउट करा. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्ट पाठवून प्रिंट काढली असेल तर तो मेसेज त्याच्या फोनवरूनही काढायला सांगा. फॉर्म भरून देणाऱ्याला पासवर्ड देऊ नका. नोंद तुमच्या नावावर होते, त्याच्या नाही.

फॉर्म न भरल्याबद्दल यजमानावर गुन्हा दाखल होऊ शकतो. साध्या कौटुंबिक भेटीत बहुधा समज देऊन सोडतात, हे खरं. पण पाहुण्याचा पासपोर्ट हरवला, अपघात झाला, व्हिसा वाढवून घ्यायची वेळ आली, की पहिला प्रश्न तोच असतो: कुठे राहता, फॉर्म सी कुठे आहे?

10. मुक्कामात बदल झाला तर

पाहुणा मध्येच दोन रात्री महाबळेश्वरला गेला तर तिथलं हॉटेल त्याचा फॉर्म भरेल. तो तुमच्याकडे परत आला की तुमच्याकडून पुन्हा नवीन फॉर्म, पुन्हा 24 तास. ‘आधी भरलाय की’ असं म्हणून हे राहतं. यावेळी ‘कुठून आले’ या रकान्यात महाबळेश्वर.

ठरल्यापेक्षा मुक्काम वाढला तर व्हिसाची मुदत आधी बघा आणि नवी तारीख जिल्हा विशेष शाखेला कळवा. निघाल्याचा दिवस आणि वेळ होमस्टेच्या रजिस्टरात लिहून सही घ्या. प्रिंटची एक प्रत पाहुण्याला बरोबर द्या, दुसरी पासपोर्टच्या झेरॉक्ससह फाइलला लावा, आणि पुढच्या दिवाळीला तोच पाहुणा आला तर जुना पासपोर्ट क्रमांक जसाच्या तसा उतरवण्याआधी मधल्या काळात पासपोर्ट बदलला नाही ना, ते विचारा.